आडगाव ट्रक टर्मिनलमधले वायरमन भाऊ : गाडीतला फ्रिज रात्री बंद पडत असेल तर आधी यांना दाखवा

कॅम्पर गाडीतल्या फ्रिजच्या सप्लायचं काम नाशकात कुणाकडे न्यावं, असं मला कुणी विचारलं तर आता माझ्याकडे एकच पत्ता आहे. नाशिकच्या द्वारका चौकातून मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याच्या दिशेने निघालात की आडगावचं ट्रक टर्मिनल लागतं. तिथे बॅटरी, स्टार्टर, अल्टरनेटरची कामं करणारी दुकानं आहेत, त्यांतलंच हे एका गाळ्याचं दुकान. पाटी नाही, दारावर ऑइल कंपनीचा उन्हाने पांढरा पडलेला बॅनर आहे. 'रीफर गाड्यांचं लाइटचं काम करणारे भाऊ' असं कुठल्याही ड्रायव्हरला विचारा, तो दाखवेल. द्राक्षाच्या हंगामात निफाड-दिंडोरीकडचा माल न्हावाशेवाला नेणाऱ्या रीफर, म्हणजे थंड गाड्यांची कामं भाऊंकडे येतात. गाडीतला गारवा टिकवणं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

आमची गाडी म्हणजे फोर्सची ट्रॅव्हलर, आत झोपायची सोय, छोटा ओटा आणि ओट्याखाली १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज. मी निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी ती हौसेने बनवून घेतली आणि चालवते बहुतेक मीच. फ्रिज मात्र हौसेचा नाही. आमच्या ह्यांना इन्सुलिन लागतं. वापरात असलेलं पेन काही आठवडे बाहेर राहिलं तरी चालतं, पण न उघडलेला साठा २ ते ८ अंशांतच ठेवावा लागतो, आणि तो गोठूनही चालत नाही. भंडारदऱ्याला रात्री मुक्कामाला थांबायचं, सकाळी दार उघडायचं आणि आत हात घातल्यावर कोमट हवा लागायची, म्हणजे पुढची सगळी सहल मेडिकलचं दुकान शोधण्यात जाणार.

दुखणं असं होतं. घरी अंगणात २३० व्होल्टच्या प्लगवर फ्रिज झकास चालायचा, बर्फसुद्धा धरायचा. इंजिन चालू असताना रस्त्यातही चालायचा. पण गाडी उभी करून इंजिन बंद केलं, की तासाभरात नाटक सुरू. कॉम्प्रेसर हलकेच गुरगुरायचा, काही सेकंदांत गप्प. मिनिटभराने पुन्हा गुरगुर, पुन्हा गप्प. रात्रभर हेच.

जिथे गाडी बनवून घेतली होती, त्यांनी सांगितलं, 'मॅडम, गॅस कमी झालाय.' घरगुती फ्रिज दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकने कॉम्प्रेसर बदलायला सांगून आकडाही दिला, तो ऐकून ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. त्या दोघांनीही फ्रिजच्या मागे मीटर लावून पाहिलं होतं. फ्रिज बंद, मीटरवर १२.४ व्होल्ट. 'सप्लाय ओके आहे' म्हणाले आणि विषय फ्रिजवर ढकलला.

भाऊंनी गाडीला हात लावण्याआधी दोनच प्रश्न विचारले. घरच्या प्लगवर बर्फ धरतो का? आणि इंजिन चालू असताना बंद पडतो का? माझी दोन्ही उत्तरं ऐकून ते म्हणाले, "ताई, मग गॅसला कशाला हात लावायचा? प्लगवर काय अन् बॅटरीवर काय, आतला कॉम्प्रेसर एकच आहे. गॅस गेला असता तर घरीपण थंड झाला नसता." इतकी साधी गोष्ट, पण हजारोंचं अंदाजपत्रक हातात देणाऱ्यांपैकी कुणी ती बोललं नव्हतं.

मग त्यांनी जे केलं, त्यासाठीच हा सगळा मजकूर लिहिते आहे. फ्रिजचं तापमान अगदी खाली लावलं, म्हणजे कॉम्प्रेसर चालू राहणार. चालवून आणल्यामुळे बॅटरीवर चढलेलं वरवरचं व्होल्टेज उतरावं म्हणून गाडीचे हेडलाइट थोडा वेळ लावून ठेवले. हाताखालच्या पोराला एक मीटर देऊन बॅटरीपाशी उभं केलं, दुसरा मीटर स्वतः घेऊन फ्रिजमागे आडवे झाले, आणि मला मध्ये उभं करून म्हणाले, "दोन्हीकडचा आकडा ऐका अन् लिहून घ्या." माझं आयुष्य बँकेत गेलं, आकडे लिहून ठेवणं माझ्या हाडात आहे. कॉम्प्रेसर बंद असताना बॅटरीपाशी १२.४, फ्रिजपाशीही १२.४. कॉम्प्रेसर चालू झाला तसं पोरगा ओरडला, "बारा दोन!" आणि फ्रिजमागून भाऊंचा आवाज, "अकरा... दहा नऊ... दहा सहा... गेला." कॉम्प्रेसर गप्प झाला. लगेच फ्रिजपाशी आकडा पुन्हा १२.३ वर.

वायर तीच, बॅटरी तीच. लोड नसताना, म्हणजे कुणी करंट ओढत नसताना, दोन्ही टोकांना सारखा आकडा आणि लोड आला की वाटेत जवळजवळ पावणेदोन व्होल्ट गायब. समजावताना त्यांनी उदाहरणही आमच्या भागातलंच दिलं. द्राक्षबागेत ठिबकची नळी बारीक आणि लांब टाकली, तर व्हॉल्व्ह बंद असताना शेवटच्या टोकालाही प्रेशर पूर्ण दिसतं. व्हॉल्व्ह उघडा, शेवटच्या वेलीला थेंब नाही. माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं, मला पुढे विचारावं लागलं नाही.

फ्रिज बंद का पडत होता, तेही तिथेच कळलं. ह्या छोट्या १२ व्होल्टच्या फ्रिजांपैकी बऱ्याचशांत पूर्वी डॅनफॉस आणि २०१० नंतर सेकॉप ह्या नावाने येणारा कॉम्प्रेसर असतो, आमच्याही फ्रिजमध्ये तोच निघाला. त्याच्या अंगाला चिकटून एक छोटं इलेक्ट्रॉनिक युनिट असतं. बॅटरी पार रिकामी होऊन गाडी सकाळी सुरूच होणार नाही, अशी वेळ येऊ नये म्हणून ते युनिट व्होल्टेजवर नजर ठेवतं. मूळ सेटिंगला १०.४ व्होल्टला कॉम्प्रेसर बंद करतं आणि व्होल्टेज ११.७ च्या वर आलं की पुन्हा चालू करतं. आता वरचे आकडे बघा. कॉम्प्रेसर चालला की वायरमधल्या ड्रॉपमुळे, म्हणजे वाटेतल्या गळतीमुळे, व्होल्टेज १०.४ वर यायचं, युनिट त्याला बंद करायचं. बंद झाला की ड्रॉप संपला, व्होल्टेज वर, युनिट समाधानी, मिनिटभराने पुन्हा चालू. रात्रभराची गुरगुर म्हणजे हेच. इंजिन चालू असताना अल्टरनेटर १४ व्होल्टच्या आसपास देतो, त्यातून पावणेदोन गेले तरी १२ उरतात, म्हणून रस्त्यात त्रास नव्हता. आणि घरी प्लगवर असताना ही वायर मध्ये येतच नव्हती.

तरीही त्यांनी खात्री केली. टेबलाच्या खणातून एक लाल एलईडी काढला, त्याच्या दोन पायांना वायरचे छोटे तुकडे जोडलेले होते. युनिटवर टर्मिनलांना अक्षरं असतात. अधिकच्या खुणेपाशी एक टोक आणि डी लिहिलेल्या टर्मिनलला दुसरं. मला वाकून बघायला सांगितलं. ओट्याखालच्या अंधारात एलईडी एकदा लुकलुकला आणि थांबला. चारेक सेकंदांनी पुन्हा एकदाच. भाऊंनी एक बोट वर केलं. एक लुकलुक म्हणजे बॅटरी प्रोटेक्शन. दोन असत्या तर पंख्याचा करंट जास्त, तीन म्हणजे कॉम्प्रेसरची मोटर सुरू होत नाही, चार म्हणजे मोटर किमान वेगाला पोचत नाही, पाच म्हणजे युनिट तापलंय. "तीन आल्या असत्या ना ताई, तर मी सांगितलं असतं, कॉम्प्रेसरवाल्याकडे जा." कॉम्प्रेसर काय म्हणतोय ते त्यालाच विचारायची सोय कंपनीने दिलेली आहे, आणि ती दोन रुपयांच्या एलईडीने वापरता येते. आधीच्या दोघांनाही ती वापरता आली असती. त्यांना नुसतंच गॅस कमी आहे नाहीतर कॉम्प्रेसर बदला म्हणायचं होतं, ह्याचा मला आजही राग आहे.

आता तो ड्रॉप नेमका कुठे होता? भाऊंनी मीटरच्या दोन्ही पिना एकेका जोडाच्या अलीकडे-पलीकडे लावल्या. चांगल्या जोडावर आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. फ्यूजच्या होल्डरवर अर्धा व्होल्ट आला. होल्डर उघडला तर प्लॅस्टिक आतून वितळून फ्यूजच्या एका पायाला चिकटलं होतं आणि पाय निळा-काळा पडला होता. फ्यूज शाबूत, म्हणून कुणी तिकडे पाहिलं नव्हतं. पाच अँपिअरला अर्धा व्होल्ट म्हणजे अडीच वॉटची उष्णता त्या नखाएवढ्या जागेत, तीही लाकडी कपाटाच्या आत. फ्रिज गेला तर इन्सुलिन जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तो होल्डर पाहिल्यावर पोटात गोळा आला. परतीची वायर बॅटरीजवळ गाडीच्या बॉडीला जोडली होती (बॉडी अर्थ); तिची थिंबल, म्हणजे टोकाचं धातूचं कडं, रंगाच्या थरावरच स्क्रूने आवळलेली, तिथेही जवळजवळ तेवढाच ड्रॉप.

राहिलेला सगळा वायरचा. फ्रिजपर्यंत १.५ एमएमची (म्हणजे १.५ चौरस मिलिमीटर जाडीची) वायर ओढली होती, घरात दिव्यांच्या पॉइंटला टाकतात ती. आणि ती बॅटरीपासून छताच्या कडेने फिरवून आणलेली, एका बाजूने सातेक मीटर. करंट जातो आणि परतही येतो, म्हणजे हिशोबाला चौदा मीटर. भाऊंनी मोबाइलवर कॉम्प्रेसर कंपनीचा तक्ता उघडून दाखवला: १२ व्होल्टला २.५ एमएम वायर फक्त अडीच मीटरपर्यंत, ४ एमएम चार मीटर, ६ एमएम सहा मीटर, १० एमएम दहा मीटर. आणि १२ व्होल्टला फ्यूज १५ अँपिअरचा. १.५ एमएम त्या तक्त्यात मुळात नाहीच.

दुरुस्ती त्यांनी अशी केली. वायरचा मार्ग बदलून खालून, चासीच्या कडेने आणला, अंतर साडेपाच मीटरवर आलं आणि मग ६ एमएमची तांब्याची वायर पुरेशी ठरली. अधिक आणि वजा दोन्ही थेट बॅटरीपर्यंत नेले, बॉडीवर भरवसा ठेवला नाही. थिंबल दाबायच्या मोठ्या पकडीने दाबल्या, प्रत्येक जोड ओढून पाहिला, वर स्लीव्ह चढवून गरम हवेने बसवली. नवा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. आधी तो फ्रिजजवळ होता, म्हणजे मधली सगळी वायर उघडी-वाघडी, कुठे घासून शॉर्ट झाली तर तोडणारं कुणी नाही. फ्रिजच्या मागे लायटरच्या सॉकेटसारखा स्प्रिंगचा प्लग होता, तो काढून ई-रिक्षाच्या बॅटरीला असतो तसा जाड पात्यांचा कनेक्टर बसवला. खड्ड्यात गाडी आदळली की स्प्रिंगचा प्लग सैल होतो, आणि पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते कसे असतात ते तुम्हाला माहीत आहेच.

मग पुन्हा तीच दोन मीटरची परीक्षा. लोडवर बॅटरीपाशी १२.२, फ्रिजपाशी ११.९. कॉम्प्रेसर चालूच राहिला. मी तो आकडा वहीत लिहून खाली तारीख टाकली. वर्षभराने पुन्हा मोजायचं आणि फरक अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर जोड तपासायचे, असं भाऊंनीच सांगून ठेवलं आहे.

एक प्रसंग मुद्दाम सांगते. गाडी बनवणाऱ्यांनी फोनवर सुचवलं होतं, की युनिटवर एक रेझिस्टर लावला की बंद व्हायची मर्यादा ९.६ पर्यंत खाली येते, मग फ्रिज बंद पडणार नाही. मी भाऊंना ते विचारलं. ते सरळ नाही म्हणाले. सोपं काम होतं, पाच मिनिटांत पैसे घेऊन मला घरी पाठवता आलं असतं. पण वायर तशीच तापत राहिली असती आणि बॅटरी खोल उतरत गेली असती. आमची मागची, फ्रिजची बॅटरी साधी लेड-ॲसिड, १०० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास). लेड-ॲसिड अर्ध्याच्या खाली रोज नेली की तिचं आयुष्य भराभर घटतं. अर्धी म्हणजे ५० एएच. फ्रिज पाच अँपिअर घेतो, पण चांगल्या थंडाव्यात निम्मा वेळच चालतो, म्हणजे तासाला अडीच, म्हणजे वीस तास. एक रात्र आणि वर सकाळ आरामात निघते. एप्रिल-मे मध्ये नाशकात पारा चाळिशीकडे जातो तेव्हा कॉम्प्रेसर जास्त वेळ चालेल, तेव्हा वीसचे बारा-चौदा धरा. फ्रिजच्या मागे कपाटाला जाळी कापून घ्या, गरम हवा कोंडली तर बॅटरीचा खर्च वाढतो, हेही त्यांचंच.

ज्यांच्या गाडीत गॅस, १२ व्होल्ट आणि २३० व्होल्ट अशा तिन्हीवर चालणारा बाहेरून आणलेला फ्रिज आहे, त्यांच्यासाठी थोडंसं. त्याला कॉम्प्रेसरच नसतो, हीटरच्या उष्णतेवर आतला अमोनिया फिरतो. १२ व्होल्टवर तो हीटर दहा अँपिअरच्या वर खातो, त्यामुळे ते सेटिंग गाडी चालू असतानाच वापरायचं. उभ्या गाडीत ठेवलं तर काही तासांत बॅटरी झोपते. गॅसवर चालवतानाही बहुतेक मॉडेलच्या कंट्रोल बोर्डाला १२ व्होल्ट लागतातच, त्यामुळे 'गॅस आहे, तरी पेटत नाही' ह्या तक्रारीतही आधी बोर्डापाशी व्होल्टेज मोजा. भाऊ असा फ्रिज विजेच्या बाजूने बघून देतात, एलपीजीच्या नळीला मात्र हात लावत नाहीत. हे ते आधीच सांगतात आणि मला ते आवडलं.

खर्च साडेतीन हजारांच्या आत झाला, वायर, कनेक्टर, फ्यूज आणि मजुरी धरून. कॉम्प्रेसरसाठी जो आकडा ऐकला होता त्याच्या पुढे हा काहीच नाही. वायर त्यांनी माझ्यासमोर बंडलातून मोजून कापली आणि जुनी वायर, वितळलेला होल्डर माझ्या हातात दिला.

आता उणिवा. काम सकाळी सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत चाललं, कारण मध्ये एक ट्रक बंद पडून आला आणि त्याच्यात माल होता. माल असलेली गाडी आधी, हा तिथला नियम आहे. मला पटतो, पण तुम्ही वेळ काढूनच जा. बायकांना बसायला धड जागा नाही, स्वच्छतागृहासाठी महामार्गावरच्या पेट्रोल पंपावर जावं लागतं. बिल मागितलं तरच मिळतं, तेही हाताने लिहिलेलं. आणि फिनिशिंग! वायर मजबूत आहे, पण ओट्याच्या बाजूने ती क्लिपा मारून उघडी नेली आहे, आणि प्लायला पाडलेल्या भोकाची कड खडबडीत राहिली. भोकात रबरी ग्रोमेट बसवला आहे, त्यामुळे वायर घासणार नाही. तरी डोळ्याला खुपतं. आमच्या सुताराकडून त्यावर पट्टी मारून घ्यावी लागली. ह्यासाठी पाचातला अर्धा गुण कापते, साडेचार देते.

त्यानंतर आम्ही सापुताऱ्याला जाऊन राहिलो, मग वणीला गडाच्या पायथ्याशी. रात्री मध्येच जाग आली की कान तिकडेच असायचा. कॉम्प्रेसर सुरू व्हायचा, दहा-पंधरा मिनिटं सलग चालायचा आणि थंड झाल्यावर आपला आपण थांबायचा. आतला थर्मामीटर सकाळी ४ अंशांवर. ह्यांनी पेन काढलं, टोचून घेतलं, चहा मागितला.

जाणार असाल तर फ्रिज रिकामा किंवा बंद करून नेऊ नका, चालू आणि भरलेला न्या, औषधं तेवढी वेगळ्या थंड डब्यात काढून ठेवा. बॅटरीवरचं सामान आधीच हलवा, तिच्यापर्यंत हात पोचायला हवा. अमावास्येला दुकान बंद असतं. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाच्या गाड्यांची गर्दी, त्या महिन्यांत आधी जाऊन वार ठरवून या. फोनवर ते फारसं बोलत नाहीत. आमचं एक काम अजून बाकी आहे: अल्टरनेटर आणि मागची बॅटरी जोडणारा रिले काढून डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे अल्टरनेटरचं व्होल्टेज बॅटरीला हवं तसं करून देणारं यंत्र, बसवायचा आहे, म्हणजे रस्त्यात मागची बॅटरी पूर्ण भरेल. दिवाळीनंतर भाऊंकडेच देणार आहोत. ते झालं की त्याचेही आकडे लिहीन.